रायफल अंगाला बसली पाहिजे : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात दहा मीटर एअर रायफलवर लिहिलं होतं, त्यावर बरीच पत्रं आलीयेत. स्वप्नील कुसाळेनं १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं ब्राँझ आणलं, खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिम्पिक पदक थेट तेव्हाच मिळालं, आणि तेव्हापासून पुण्यात प्रत्येक दुसऱ्या घरात कुणीतरी नेमबाजीचं नाव काढतंय. याचा मला मनापासून आनंद आहे. पण पत्रांमधला निम्मा प्रश्न पैशांचाच आहे, म्हणून हा अंक सगळा खर्चावर.

प्रश्न : ताई नमस्कार, माझं भोसरी एमआयडीसीत छोटं मशीन शॉप आहे, दोन सीएनसी लेथ आणि एक व्हीएमसी, मायक्रॉनमध्ये काम करायची सवय आहे. बरेच दिवस अमेरिकन लोकांचे व्हिडिओ बघतोय, तिकडे लोक जुनी रेमिंग्टन ७०० घेतात, तिला नवीन बॅरल, चेसिस, ट्रिगर लावतात आणि निम्म्या पैशात एकदम अचूक कस्टम बोल्ट-ॲक्शन रायफल तयार होते. माझं बजेट दीड लाख. इथे पुण्यात असं काही करता येईल का? पार्ट मी स्वतःच बनवू शकतो.
(एक वाचक, भोसरी)

उत्तर : दादा, तुमच्या हाताला कौशल्य आहे म्हणून आधी नको ते सांगून टाकते आणि मग हवं ते सांगते. दारूगोळ्यावर चालणारी रायफल घरी किंवा शॉपमध्ये बांधणं आपल्याकडे गुन्हा आहे, आणि साधासुधा नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय बंदूक बनवणं, जोडणं, दुरुस्त करणं, तपासून बघणं, काहीच चालत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला कमीत कमी सात वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप आहे. "मी पूर्ण रायफल नाही, फक्त पार्ट बनवतो" असं कुणी म्हणत असेल तर तेही चालत नाही, कारण कायद्यात बंदुकीच्या व्याख्येतच तिचे भाग येतात आणि ते बनवायची यंत्रसामग्रीसुद्धा येते. म्हणजे तुमचं व्हीएमसीच अडकेल. तुमच्याकडे स्वतःच्या रायफलचा परवाना असला तरी तो बाळगायचा असतो, बनवायचा नसतो. मित्रानं "एक बॅरल टर्न करून दे" म्हटलं तरी सरळ नाही म्हणा.

तिकडे ते का चालतं, तर त्यांचा कायदा वेगळा आहे आणि रेमिंग्टन ७०० ही १९६२ पासून बाजारात असल्यामुळे तिच्या मापाचे सुटे भाग शेकड्यांनी मिळतात. पण त्या व्हिडिओंत जे शिकण्यासारखं आहे ते इथेही लागू पडतं म्हणून तेवढं सांगते. ते लोक सगळा जीव कशात घालतात बघा : नळी चांगली हवी, ती कुंद्याला मधेच कुठे टेकायला नको, ॲक्शन (गोळी भरायची-झाडायची यंत्रणा) कुंद्यात दर वेळी तशीच्या तशी बसायला हवी, ट्रिगर दर वेळी त्याच जागी सुटायला हवा, आणि कुंदा नेम धरणाऱ्याच्या अंगाला बसायला हवा. या पाचातलं पहिलं विकत घ्यायचं असतं. बाकीच्यातलं शेवटचं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित, आणि तुमचा दीड लाख नेमका तिथेच कामाला येणार आहे.

आता एअर रायफलकडे या. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे .१७७ म्हणजे ४.५ मिमी बोअरपर्यंत आणि २० जूलपर्यंत ताकदीच्या एअर रायफलला परवाना लागत नाही, घेताना ओळखपत्र आणि वयाचा पुरावा द्यायचा आणि बिल जपून ठेवायचं. दहा मीटरच्या मॅच रायफलचा छर्रा साधारण अर्ध्या ग्रॅमचा, सेकंदाला १७०-१७५ मीटरनं सुटतो, म्हणजे आठ जूलच्या आतबाहेर, मर्यादेच्या निम्म्याहून कमी. ताकद वाढवायच्या भानगडीत कुणीच पडू नये, २० जूल ओलांडले की परवान्याचा मामला सुरू होतो, आणि दहा मीटरवर जास्त ताकदीचा उपयोगही नसतो, उलट धक्का वाढतो.

अचूकता किती लागते ते तुमच्या भाषेत सांगते. दहा मीटर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्धा मिमीचा असतो आणि छर्रा त्याला नुसता शिवला तरी १०.० मिळतो. म्हणजे छर्ऱ्याचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून अडीच मिमीच्या आत पाहिजे. तिथून आत प्रत्येक पाव मिमीला दशांश गुण वाढतो, आणि १०.९ पाहिजे असेल तर पाव मिमीच्या आत. साठ शॉट, पंच्याहत्तर मिनिटं, पूर्ण गुण ६५४. आता पुढची साइट आणि मागचं डायऑप्टर (डोळ्याजवळची, बारीक भोकाची साइट) यांच्यात साधारण ऐंशी सेंटिमीटर अंतर धरा, तर टार्गेटवरच्या त्या अडीच मिमीसाठी पुढची साइट फक्त ०.२ मिमी सरकावी लागते. दोन दशांश! खांद्यातला श्वास त्याहून जास्त हलवतो. चांगली मॅच रायफल शिकंज्यात धरून झाडली तर सगळे शॉट जवळजवळ एकाच भोकातून जातात, म्हणजे लोखंडाकडून चूक होतच नाही, चूक होते ती माणूस आणि कुंदा जिथे भेटतात तिथे. तुमचं शॉप तिथे लावा.

करायचं काय ते सांगते. चांगल्या नळीची जुनी मॅच एअर रायफल घ्यायची (ती कशी बघायची ते पुढच्या उत्तरात आहे), तिचे प्रेशरवाले भाग, नळी, सिलिंडर, व्हॉल्व्ह यांना हातही लावायचा नाही, एक भोकसुद्धा पाडायचं नाही, आणि कुंद्याच्या बाजूचं सगळं स्वतः करायचं. बट प्लेट, म्हणजे खांद्याला टेकणारा भाग, वरखाली, आतबाहेर आणि थोडी तिरकी होणारी. चीक पीस, म्हणजे गाल टेकायचा भाग, उंची आणि रुंदी दोन्हीत सरकणारा. डाव्या हाताखालचा हँड रेस्ट, कारण उभ्यानं नेम धरताना कोपर कमरेच्या हाडावर टेकतं आणि हाताची लांबी प्रत्येकाची वेगळी, कुणाला चार सेंटिमीटरचा ठोकळा लागतो, कुणाला आठचा. साइट उंच करणारे, तिच्याखालचे रायझर ब्लॉक, म्हणजे मान वाकवण्याऐवजी साइटच डोळ्यापाशी येते. उंच मुलांना या एका गोष्टीनं मानेचं दुखणं थांबतं, हे मी रेंजवर पुन्हा पुन्हा बघितलंय.

पण थेट ॲल्युमिनियमवर जाऊ नका. आधी एमडीएफ आणि पुठ्ठ्यात करा, दोरीनं बांधा, चालतं. नेमबाजीचं जॅकेट घालून उभं राहायचं, रायफल खांद्याला लावायची, डोळे मिटायचे, दोन श्वास घ्यायचे आणि डोळे उघडायचे. डायऑप्टरचं भोक तिथेच, डोळ्यासमोर पाहिजे. नसेल तर मान हलवायची नाही, चीक पीस हलवायचा. मग टार्गेट बघायचं, साइट डावीकडे किंवा उजवीकडे गेली असेल तर हातानं ओढायची नाही, पावलं सरकवायची, वरखाली असेल तर हँड रेस्ट किंवा बट प्लेट. असं आठ-पंधरा दिवस रोज करत राहिलं की मापं स्थिर होतात आणि तेव्हाच ती ड्रॉइंगवर घ्यायची. त्यानंतर ६०६१ ॲल्युमिनियम, तुमच्या शॉपमध्ये त्याचे तुकडे पडलेलेच असतील.

वजनाचा हिशोब आधीपासून ठेवा, एअर रायफलला साइटसकट साडेपाच किलोची मर्यादा आहे आणि मशीनवाली माणसं जाडी जरा जास्तच ठेवतात. हलकं करून मग सुटी वजनं लावणं बरं, तोल हवा तिथे आणता येतो. कुंद्याची उंची, रुंदी, चीक पीसची ठेवण, बट प्लेटचा बाक यांच्या मर्यादा आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) रुलबुकात तक्त्यात दिल्यात, मशीन लावण्याआधी तो तक्ता प्रिंट करून भिंतीवर चिकटवा, नाहीतर सगळं सुंदर बनतं आणि स्पर्धेच्या इक्विपमेंट कंट्रोलला, म्हणजे साहित्याच्या तपासणीला, अडतं.

लाकडाची हौस असेल तर तेही होतं, पण पुण्याची हवा लक्षात घ्या. एप्रिलमधली कोरडी हवा आणि जुलैमधली ओली यात लाकूड फुगतं-आकसतं, सागवान कमी, बाकीची जास्त, आणि ॲक्शन धरणारे बोल्ट सैल किंवा घट्ट होतात की झीरो (साइटची जुळवलेली जागा) सरकलाच. थर लावून चिकटवलेलं लाकूड घ्या, आतल्या खाचेसकट सगळीकडून पॉलिश मारा (लोक बाहेरून चकचकीत करतात आणि आतून कोरं ठेवतात, पाणी आतूनच शिरतं), आणि बोल्ट कायम टॉर्क कीनंच आवळा, कंपनीनं दिलेल्या आकड्यावर, दोन्ही बोल्ट दर वेळी सारखे. भोसरीत टॉर्क कीला तोटा नाही.

यातून जे तयार होईल ती तुमची कस्टम रायफलच आहे. आणि बोल्ट-ॲक्शनचीच ओढ असेल तर .२२ बोअरच्या, गोळीच्या रायफलचा रस्ता आहे, तो शेवटच्या उत्तरात वाचा.

प्रश्न : ओळखीच्या एका माजी खेळाडूकडे जुनी जर्मन मॅच रायफल आहे, सिलिंडरवाली, निम्म्याहून कमी किमतीत देतोय. घेऊ का? बघताना काय बघायचं?
(एक वाचक, चिंचवड)

उत्तर : घ्या, पण पहिल्यांदा सिलिंडरवरची तारीख वाचा, रायफल नंतर बघा. सिलिंडरवर बनल्याची तारीख ठोकलेली असते आणि स्पर्धेत दहा वर्षांच्या आतलाच चालतो, तारखेची जबाबदारी खेळाडूवर. हा फक्त कागदी नियम नाहीये, आत दोनशे किंवा तीनशे बारचा दाब असतो आणि तो गालापासून वीतभर अंतरावर असतो. बऱ्याच "स्वस्त" रायफली स्वस्त का असतात तर दोन्ही सिलिंडर संपलेले असतात. नवा सिलिंडर त्या मॉडेलला मिळतो का आणि केवढ्याला, हे विचारून ती रक्कम किमतीत धरा आणि मग घासाघीस करा. दुसरं, जुने सिलिंडर दोनशे बारचे असतात आणि नवे तीनशेचे, भरणारा पोरगा घाईत असतो, तर दोनशेवाल्यावर रंगानं मोठा आकडा लिहून ठेवा. भरताना हळूहळू भरायचं, हवा कोरडीच हवी, पावसाळ्यात ओलसर हवा भरली की आत गंज धरतो आणि तो बाहेरून दिसत नाही.

मग रायफल. सिलिंडर लावून गेज बघा आणि रात्रभर ठेवून सकाळी परत बघा, काटा पडला असेल तर सील गेलीयेत, ती बदलता येतात, पण कंपनीचा माणूस किंवा रेंजवरचा अनुभवी आर्मरर पाहिजे. क्रोनोग्राफ मिळाला तर वीसेक शॉटचा वेग बघा. रायफल बराच वेळ नुसती ठेवून मग झाडली की पहिला शॉट वेगळ्या वेगानं आणि पुढचे सारखे असं होत असेल तर रेग्युलेटर (हवेचा दाब सारखा ठेवणारा भाग) थकलाय. नळीच्या तोंडाशी, जिथून छर्रा बाहेर पडतो तिथे, भिंगातून बघा, एवढासा ओरखडासुद्धा नको, कारण छर्ऱ्याला शेवटचा स्पर्श तिथलाच असतो. कुंद्यावरच्या चरांची फिकीर करू नका. ट्रिगर शंभरदा दाबून बघा, ड्राय-फायरची (छर्रा न झाडता नुसता ट्रिगर दाबायची) सोय असेल तर, पहिला टप्पा जिथे संपतो ती जागा दर वेळी तीच लागली पाहिजे.

फाइनवर्कबाऊ ७००, वॉल्थर एलजी ३००, आन्शुट्झ ८००२, यातलं काहीही चांगलं ठेवलेलं मिळालं तरी राज्य पातळीपर्यंत ते तुम्हाला अडवत नाही. एक वेगळा सल्ला देते, त्याहून जुनी फाइनवर्कबाऊ ६०१ किंवा ६०२ कुणी देत असेल तर तिच्याकडे नाक मुरडू नका. तिला सिलिंडरच नाही, बाजूचा लिव्हर एकदा ओढला की एका शॉटची हवा भरते. म्हणजे तारखेची कटकट नाही, पंप नाही, भरायला रेंजवर जायला नको. दर शॉटला लिव्हर ओढावा लागतो त्यानं लहान मुलं दमतात हे खरं, पण मोठ्या माणसाला आणि कमी बजेटला याहून चांगला सौदा मला तरी माहीत नाही. आपल्याकडे बनलेल्या प्रीसीहोलच्या रायफलीही बघा, सुटे भाग आणि दुरुस्ती इथल्या इथे होते ही मोठी गोष्ट आहे.

जुन्या बिलाची प्रत आणि विकत घेतल्याची साधी लेखी पावती, दोघांच्या ओळखपत्रांच्या प्रतींसकट, जरूर घ्या.

प्रश्न : मुलगी आठवीत आहे, तीन महिन्यांपासून शूटिंगला जाते, आवडीनं जाते. आता तिकडून सांगतायत की स्वतःची इम्पोर्टेड रायफल घेतल्याशिवाय प्रगती होणार नाही, खर्च काही लाखांत. मी आणि मिस्टर दोघं नोकरी करतो पण एवढं एकदम झेपणार नाही. नाही घेतली तर तिचं नुकसान होईल का?
(एक आई, सिंहगड रोड)

उत्तर : नाही होणार. तुम्ही अगदी निश्चिंत राहा आणि कर्ज तर मुळीच काढू नका.

तीन महिन्यांत मूल उभं राहायला शिकत असतं. आठवीतली मुलगी अजून उंच होणार आहे, हात लांब होणार आहेत, आज बसवलेलं माप दहावीत बसणार नाही, जॅकेटचंही तेच. पहिलं वर्ष क्लबची रायफल वापरू दे, फक्त एक मागा : शक्यतो रोज तीच रायफल द्या आणि तिची मापं एका वहीत लिहून ठेवू द्या. बट प्लेट किती रेघांवर, चीक पीस किती, हँड रेस्ट किती, डायऑप्टरचे किती क्लिक. दुसऱ्या मुलानं बदललं तरी दोन मिनिटांत आपलं लावता येतं. ही वही फुकट आहे आणि मी तिला पहिल्या वर्षाची सगळ्यात मोठी खरेदी मानते.

पैसे घालायचे असतील तर आधी बुटांत घाला, मग जॅकेट आणि ट्राउझर. पायाखाली स्थिर वाटलं तर मूल रायफलशी झगडत नाही. वापरलेलं जॅकेट बालेवाडीला येणाऱ्या मोठ्या मुलांकडून मिळतं, पाठीला आणि कमरेला बसतं का एवढं बघा, उसवून परत शिवता येतं. पण जाडी आणि कडकपणा मशीननं मोजतात, कापड एका थराला अडीच मिमीच्या वर चालत नाही, बुटाचा तळ दहा मिमीच्या वर नाही, तेव्हा कुणाचंही घेण्याआधी कोचकडून तपासून घ्या.

त्यानंतरचा खर्च म्हणजे छर्रे, आणि हा खर्च कुणी आधी सांगत नाही. एका वेळी सायटर्ससकट (आधीच्या, न मोजल्या जाणाऱ्या शॉटसकट) ऐंशीच्या आसपास शॉट जातात, आठवड्यातून तीनदा धरलं तर दोनशे चाळीस, म्हणजे पाचशेचा डबा जेमतेम दोन आठवडे. वर्षाचे पंचवीस डबे. सरावाला साधे मॅच छर्रे चालतात, स्पर्धेसाठी टेस्ट केलेले दोन-तीन डबे बाजूला ठेवायचे. टेस्ट म्हणजे तीच रायफल शिकंज्यात धरून वेगवेगळ्या डब्यांतले पाच-पाच, दहा-दहा छर्रे झाडायचे आणि कुठलं भोक लहान येतं ते बघायचं. ४.४९, ४.५०, ४.५१ अशी डोक्याची मापं असतात, एकाच कंपनीचा एक लॉट नळीला आवडतो आणि दुसरा नाही, आणि महागडा डबा जिंकेलच असं नाही. जो लॉट आवडला त्याचे आणखी डबे लगेच घ्या, नंतर तो मिळत नाही.

आणि एक सांगते, स्वतःची रायफल नाही म्हणून मुलीला कुणी मागच्या लेनवर ढकलत असेल, दुर्लक्ष करत असेल, तर क्लब बदला. पुण्यात पर्याय आहेत. बालेवाडीचं शिवछत्रपती क्रीडा संकुल १९९४ च्या राष्ट्रीय खेळांसाठी उभं राहिलं, आजही राज्यातली मुलं तिथे सराव करतात, नेमबाज गगन नारंगची गन फॉर ग्लोरी अकादमी तिथेच सुरू झाली. मुलगी ज्या दिवशी सलग काही महिने क्लबच्या रायफलवर आपला स्कोअर टिकवेल आणि कोच मापं दाखवून सांगेल की या कुंद्यात आता ती मावत नाही, त्या दिवशी रायफलचा विचार करा. तोपर्यंत नाही.

प्रश्न : आमच्या भागात बिबट्या फार झालाय, रात्री पाणी धरायला जायची भीती वाटते. परवाना न लागणारी जास्तीत जास्त ताकदीची एअर रायफल कुठली?
(एक शेतकरी, जुन्नर)

उत्तर : दादा, तुमची भीती खरी आहे, जुन्नरच्या उसात राहणाऱ्यालाच ती कळते. पण एअर रायफल यासाठी अजिबात घेऊ नका. तिचा छर्रा बिबट्याला थांबवत नाही, फक्त जखमी करतो आणि चवताळलेला जखमी बिबट्या तुमच्यासाठी आणि शेजारच्या वस्तीसाठी दहापट धोक्याचा. शिवाय तो वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे, शिकारीचा गुन्हा लागेल तो तुमच्यावर. वन विभागाची १९२६ ही हेल्पलाइन आहे, फोन करून तक्रार नोंदवा, पिंजऱ्याची लेखी मागणी ग्रामपंचायतीमार्फत लावून धरा. रात्री एकट्यानं जाऊ नका, वाकून काम करू नका, टॉर्च आणि मोठ्या आवाजात मोबाइलवर गाणी ठेवा. आणि दिवसाच्या थ्री फेज विजेची मागणी गावानं मिळून केली तर रात्रीचं पाणी धरणंच टळेल.

प्रश्न : ताई, मी अकरावीत आहे, कोथरूडला राहते, कॉलेज आणि क्लासमुळे रेंजवर आठवड्यातून दोनदाच जायला मिळतं. फ्लॅट छोटा आहे, दहा मीटर कुठेच नाहीत. घरी सराव कसा करू?
(एक विद्यार्थिनी, कोथरूड)

उत्तर : अगं, दोनदा रेंज आणि चारदा घर, हे फार छान वेळापत्रक आहे, नाराज होऊ नकोस. घरी छर्रा झाडायचाच नाही असं ठरवून टाक, म्हणजे जागेचा प्रश्नच उरत नाही आणि खालच्या काकूही घाबरत नाहीत.

पांढऱ्या कोऱ्या भिंतीसमोर उभी राहा, टार्गेट नको, जॅकेट-बूट पूर्ण, रायफल रिकामी आहे हे दोनदा बघ, आणि ड्राय-फायर मोडवर ट्रिगर दाब. समोर काहीच नसल्यामुळे डोळा पुढच्या साइटमधल्या रिंगवरच राहतो आणि ट्रिगर सुटताना रिंग किती थरथरते ते सरळ दिसतं. तुला आधी पंधरा मिनिटंसुद्धा जड जातील. मग भिंतीवर छोटं टार्गेट लाव, पाच मीटर अंतर असेल तर बरोबर निम्म्या मापाचं, काळा गोल दहा मीटरला साडेतीस मिमीचा असतो, तुझा सव्वापंधराचा. आतल्या खोलीच्या दारातून हॉलच्या टोकापर्यंत पाच मीटर बहुतेक फ्लॅटमध्ये निघतात.

शॉट सुटल्यावर रायफल लगेच खाली घेऊ नकोस. ट्रिगर सुटला, तरी छर्रा नळीतून बाहेर पडायला काही मिलिसेकंद घेतो, तेवढ्यात खांदा सैल झाला की दहाचा नऊ होतो. तेव्हा दोन सेकंद तसंच राहून रिंग कुठे थांबली ते बघायचं आणि मनातल्या मनात सांगायचं, "थोडा डावीकडे गेला" किंवा "मध्ये". रेंजवर गेलीस की तेच स्क्रीनशी जुळवून बघ. तुझं सांगणं आणि स्क्रीन जुळायला लागली की समज घरचा सराव लागू पडतोय. हजारो रुपयांचं इलेक्ट्रॉनिक ट्रेनिंग यंत्र हेच दाखवतं, ते मिळालं तर चांगलंच, पण त्याच्यासाठी थांबू नकोस.

खिडकी किंवा बाल्कनीकडे तोंड करून रायफल कधीच धरू नकोस, रिकामी असली तरी. समोरच्या बिल्डिंगमधल्या माणसाला ती रिकामी आहे हे दिसत नाही. रिक्षानं किंवा मेट्रोनं जाताना बंद केसमध्येच, सेफ्टी फ्लॅग (नळी रिकामी असल्याचं दाखवणारी पट्टी) घालून, बिल आणि ओळखपत्राची प्रत सोबत. रेंजवरून आल्यावर हात साबणानं धुतल्याशिवाय डबा उघडू नकोस, छर्रे शिशाचे असतात. आणि लेनवरचा कचरा कोरड्या झाडूनं झाडायला सांगितलं तर ओल्या फडक्यानं पुसते म्हणून सांग, ती धूळ नाकात जायला नको.

प्रश्न : दोन वर्षं एअर रायफल झाली, आता .२२ बोल्ट-ॲक्शनवर जायचंय. परवाना कसा आणि स्वस्तात होईल का?
(एक वाचक, हडपसर)

उत्तर : स्वस्तात सुरुवात होते, कारण सुरुवातीला रायफल विकत घ्यायचीच नसते. क्लबचं सभासदत्व घ्या, क्लबची .२२ देखरेखीखाली वापरा, प्रोनपासून, म्हणजे पालथं झोपून नेम धरण्यापासून, सुरू करा कारण त्यात पट्टा आणि जमीन दोन्ही मदतीला असतात. ५० मीटरच्या टार्गेटवर दहाचा गोल १०.४ मिमीचा असतो, आणि इथे वारा येतो, एअर रायफलमध्ये जो प्रश्नच नव्हता. बालेवाडीला दुपारनंतर वारा वाढतो, तेव्हा सकाळचाच स्लॉट मागून घ्या आणि झेंडे वाचायला शिका.

परवान्यासाठी पुणे शहरात पोलीस आयुक्तालयात अर्ज करायचा, पिंपरी-चिंचवडचं आयुक्तालय २०१८ पासून वेगळं आहे, आणि ग्रामीण भागात जिल्हाधिकारी. हडपसर तुमचं शहरात. वय एकवीस पूर्ण पाहिजे, शस्त्र सुरक्षेच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं, आणि खेळासाठी मागताय तर क्लबचं पत्र आणि स्पर्धांचे निकाल जोडा. राज्य स्पर्धा, मग मावळंकर ही अखिल भारतीय स्पर्धा, मग राष्ट्रीय, या पायऱ्यांवरचे तुमचे स्कोअर हीच खरी शिफारस असते. परवाना पाच वर्षांचा मिळतो. परदेशी रायफल आणि गोळ्या आयात करायची सवलत ठरावीक स्कोअर गाठलेल्या खेळाडूंना राष्ट्रीय संघटनेच्या शिफारशीनं मिळते, तोपर्यंत क्लबचा कोटा.

गोळ्या मात्र छर्ऱ्यांपेक्षा कितीतरी महाग पडतात. म्हणून दहा मीटर सोडू नका, आठवड्यातले निम्मे दिवस एअर रायफलवर उभे राहा, ट्रिगरची आणि थांबण्याची सवय तिथे छर्ऱ्याच्या भावात टिकते आणि .२२ च्या गोळ्या फक्त वारा आणि पोझिशन शिकायला वापरता येतात.